टिटवीची गवाही

आमचे शेजारी मुंजाजीकाका मोबाईल टॉवरखाली मान वर करून तासभर उभे राहतात. तिथल्या राखणदाराला वाटतं, हा म्हातारा एक दिवस वर चढणार. काकांची अडचण वेगळीच आहे. कावळ्यानं आंब्यावर घरटं केलं तर पाऊस बरा, बाभळीवर केलं तर दुष्काळ, एवढंच त्यांना वडिलांनी शिकवलं. रस्ता रुंद झाला, झाडं गेली आणि आमच्या ताडकळस गावचे कावळे टॉवरवर राहायला गेले. "लोखंडावरची गवाही कशी धरावी?" असं काका भेटेल त्याला विचारतात.

पावसाच्या खटल्यात काकांकडं सगळ्यांची गवाही चालते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की काकूंनी हातातला झाडू खाली ठेवायचा. फोनवरचा अंदाज मात्र चालत नाही. "ज्याला भिजायचंच न्हाई, त्याचं काय ऐकायचं?"

यंदा टिटवीनं उंच बांधावर अंडी घातली, म्हणजे पाणी लय. काकांनी गल्लीला सांगितलं, बिनघोर पेरा. आम्ही सगळ्यांनी पेरलं. एक सर आली आणि मग आभाळ कोरडं ते कोरडंच. सोयाबीन दोन पानांवर येऊन करपायला लागलं. काकांशी कुणी भांडलं नाही, फक्त त्यांना पावसाचं विचारणं सोडलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांनी ओट्यावर बसणं सोडलं, जेवणही टाकलं.

काल संध्याकाळी मी विरजण मागायला गेले, तर काका भिंतीकडं तोंड करून बसलेले. म्हणाले, "टिटवी बी फसली. आता कुणाला इचारू?"

तेवढ्यात काकू आतून लंगडत आल्या आणि गुडघा धरून खाली बसल्या.

"लय ठणकायलाय," त्या म्हणाल्या. "येतोय बघा पाऊस."

पावसाआधी काकूंचा गुडघा ठणकतो, हे खरं आहे. पण तो डावा, विहिरीवर पडल्या तेव्हापासूनचा. काकूंनी धरला होता उजवा.

मी काकांकडं पाहिलं. त्यांच्याही ते ध्यानात आलं होतं. काका उठले, तेल कोमट करून आणलं, काकूंचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि हळूहळू चोळायला लागले.

"हितं दुखायलंय का?"

"हं," काकू म्हणाल्या. "तितंच."