कार्ड दाखवलं की कॉफी

"आजचा डेमो नीट झाला तर नोकरी पक्की. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," असं साहेबांनी नव्या इंजिनियरला प्रेमाने सांगितलं. कंपनी कार्डाने उघडणारी दारं बनवायची. गिऱ्हाईक होते एक क्लासवाले सर. साहेब त्यांना घेऊन काचेच्या खोलीत शिरले, दार लागलं, आणि नेमकी तेव्हाच इंजिनियरला सर्व्हर आवरायची हुक्की आली.

सर्व्हरवर प्रत्येक कामाचा एक कंटेनर होता. एक दाराचा, एक कॉफी मशीनचा. कंटेनर म्हणजे बंद डबा. नेटवर्कला जोडला तरच त्याचा जगाशी संबंध. इंजिनियरने दाराचा डबा क्षणभर थांबवला आणि वापरात नसलेली नेटवर्क पुसायची कमांड दिली. कॉम्प्युटरने विचारलं, "नक्की?" असले प्रश्न तो वाचत नसे. थांबलेल्या डब्याचं नेटवर्क त्या क्षणी कोणीच वापरत नव्हतं. ते गेलं.

"ताई, दार चालू होत नाहीये."

"मग हात कशाला लावलास?" शेजारची टेस्टर म्हणाली.

"जरा स्वच्छता…"

"टेबलावर गेल्या महिन्याचे कप आहेत तुझ्या! ते नाही दिसले?"

घाबरून त्याने डबा दिसेल त्या नेटवर्कला जोडला. ते कॉफीचं निघालं. त्यात पूर्वीच्या कोणा विद्वानाने दाराच्या कुलपाला आणि कॉफी मशीनलाही 'यंत्र' हेच नाव ठेवलं होतं. हुकूमही दोघांना एकच: 'चालू'. साहेबांनी आतून कार्ड दाखवलं. डब्याने 'यंत्रा'ला हुकूम सोडला. पॅसेजमध्ये कॉफीचा कप भरला.

साहेबांनी पुन्हा दाखवलं. दुसरा कप भरला.

"दूध जास्त पडतंय," ताई घोट घेत म्हणाली. "पण आणखी एकदा दाखवू दे."

काचेतून आवाज येत नव्हता, तरी साहेब काय म्हणतायत हे सगळ्या ऑफिसला कळत होतं. अकराव्या कपाला त्यांनी टाय काढला. आत सर मात्र शांत बसून होते. उठून जाणार कुठे? शेवटी साहेब नाइलाजाने त्यांना सगळं माहितीपत्रक वाचून दाखवू लागले.

पाऊण तासाने इंजिनियरने जुन्याच नावाचं नेटवर्क बनवलं, डबा तिकडे जोडला आणि कुलूप खट्कन उघडलं. घामाघूम साहेब बाहेर आले.

"कोणी केलं हे?"

"ताईंनी!" इंजिनियर एका दमात म्हणाला. "मी आपलं दुरुस्त केलं."

ताईच्या हातातला कप हवेतच राहिला. तेवढ्यात सर तिच्यापुढे आले.

"कमाल आहे बाई तुमची! माझी पोरं दहा मिनिटांत उठून पळतात. मी आज पहिल्यांदा कोणाचं तरी पूर्ण ऐकून घेतलं. असंच दार हवं मला. चाळीस वर्गांना."

साहेबांचा चेहरा बघता बघता उजळला. "आमच्या ताई म्हणजे हिराच! या महिन्यापासून टीम यांच्या हाताखाली."

"असल्या कामांची सवय आहे हो," ताई म्हणाली आणि कॉफी संपवली.

सरांनी एकदा त्या उघड्या दाराकडे आणि मग इंजिनियरकडे पाहिलं.

"आणि हे उघडलं यांनी का?" त्यांनी साहेबांना विचारलं. "हे गृहस्थ कायम असतात इथे?"

"छे छे," साहेब म्हणाले. "आजच्यापुरतेच."