त्या ‘किंचित’मध्ये आण्णा

१९९२ साली महागाई आणि बेकारी एकदमच वाढल्याने आमच्या जिल्ह्यासाठी ‘संतुलन अधिकारी’ हे पद निर्माण करण्यात आले. त्यामुळे निदान एका माणसाची बेकारी तरी संपली.

माझे वडील, आण्णा, तेव्हा उद्यमनगरात अमरसिंहांच्या फाउंड्रीत मोल्डर होते. लोखंड ओतण्यासाठी वाळूचे साचे भरत. महागाई रोखण्यासाठी वरच्या बँकेने व्याज वाढवले. अमरसिंहांना नव्या भट्टीचे हप्ते झेपेनात, फाउंड्री बंद पडली. महागाई मात्र चालू राहिली. आण्णा रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर, समोर पिळलेले म्हशीचे दूध दोन ग्लास पीत. आता ते एकच घेऊ लागले, आणि तोही महागला. त्यांनी बँकेला पत्र लिहिले : ‘नोकरी घेतलीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण बदल्यात स्वस्ताई द्यायची राहिली.’

चौकशीला संतुलन अधिकारी आकारामसाहेब थेट कट्ट्यावर आले. मी आण्णांबरोबरच होते.

“ग्राहकांनी खरेदी कमी केली की दर उतरतात,” साहेबांनी समजावले.

“ह्ये म्हशीला सांगा की सायेब,” तानाबाई धार काढता काढता म्हणाली. “पेंड म्हागलीया. व्याज वाढलं म्हणून ही कमी खात न्हाय.”

म्हशीच्या म्हणण्यासाठी साहेबांच्या तक्त्यात रकाना नव्हता.

“फाउंड्री कवा सुरू व्हणार, तेवढं बोला,” आण्णा म्हणाले.

“व्याज उतरल्यावर.”

“आन् व्याज?”

“महागाई उतरल्यावर. पण तुम्ही अजून दूध पिताय.”

“एकच गिलास की ओ!”

“तोच नडतोय. शेवटची मागणी फार चिवट असते.”

आण्णा शिस्तीचे. दुसऱ्या दिवसापासून ते रिकामा ग्लास घेऊन कट्ट्यावर उभे राहू लागले, दर उतरला का पाहायला. तानाबाई फुकट ओतायला लागली, तर त्यांनी ग्लासावर हात धरला. “ऱ्हाऊ दे. फुकटची मागणी धरत्यात का न्हाय, सायबांस्नी इचारतो.”

दर उतरला नाही. तेव्हा वरून दोन्ही दुखण्यांवर एकच इलाज आला : दुपारपर्यंत महागाईसाठी व्याज चढे, दुपारनंतर बेकारीसाठी उतरते. फाउंड्री दोनला सुरू होई आणि उद्याच्या सकाळच्या धास्तीने सहाला बंद. आण्णा रोज दुपारी कामावर लागत आणि रोज सकाळी बेकार होत. भट्टी तापायलाच चार तास लागतात. लोखंड ओतायची वेळ झाली की सुटी. आण्णांनी हे लेखी कळवले. उत्तर आले : ‘भट्टीने धोरणाशी जुळवून घ्यावे.’

दसऱ्याच्या आधी आण्णा गेले. त्यांचा ग्लास ओट्यावर पालथा आहे. तो उचलून कपाटात ठेवायचे रोज राहून जाते.

उत्तरकार्याला आकारामसाहेब आले. चहा नको म्हणाले, मागणी वाढते.

“ताई, वडिलांनी मोठं काम केलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “बेकारांत एक कमी, ग्राहकांतही एक कमी. दोन्ही आकडे एकाच वेळी उतरवणारा जिल्ह्यात दुसरा कुणी नाही.”

“आणि फाउंड्री?”

“आता होईल पूर्ण वेळ सुरू. वर अहवाल पाठवलाय. असे आणखी थोडे लोक मिळायला हवेत.”

पुढच्या महिन्यात महागाई आणि बेकारी दोन्ही किंचित उतरल्याची बातमी आली. तुम्हीही ती सकाळच्या चहाबरोबर वाचली असेल, आणि जरा बरे वाटून पान उलटले असेल.

त्या किंचितमध्ये माझे आण्णा होते.