टेकचंद भाऊजींचा न हलणारा आरसा

आमचे टेकचंद भाऊजी कुणाच्याही घरी गेले, की पाहुणचाराचं पाणी लगेच पीत नाहीत. पेला जमिनीवर ठेवतात, त्याच्यासमोर उकिडवे बसतात आणि डोळे बारीक करून पाण्याकडं बघत राहतात. घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मग भाऊजी मान हलवून निकाल देतात, "थरथर हाये." कधी 'जराशीक हाये', कधी 'लय हाये'. पाणी पितात ते त्यानंतर.

मी लग्नासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून भाऊजी सोबत होते. पोहे यायच्या आत त्यांनी पेला फरशीवर ठेवला आणि होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "तुमच्या घराले लय थरथर हाये, बुवा. पाया ढिला असन." सासरे बांधकामाचे ठेकेदार. घर त्यांनी स्वतः उभं केलेलं. मला कुठं तोंड लपवू असं झालं. लग्न जमलं, हे माझं नशीब. पण आजही सासुरवाडीला भाऊजी येणार म्हटलं की पाणी थेट त्यांच्या हातात देतात आणि ते पिऊन होईपर्यंत कुणीतरी समोर उभं राहतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. दोघं राहतात कामठ्याला. भाऊजींचं दुकान मात्र गोंदियात, झेरॉक्स, स्कॅनिंग आणि ऑनलाइन अर्जांचं. पुढं रेल्वेची लाइन, मागं राईस मिल. अशी जागा का घेतली, असं विचारलं तर म्हणतात, "दोन्हीकडची पब्लिक येते ना रे." पब्लिक आली, पण तिच्यासोबत थरथरही आली. पुढून मालगाडी गेली की टेबल हलतं, मागं मिल सुरू झाली की भिंत हलते, आणि दोन्ही एकदम झालं की भाऊजींचा चष्मा नाकावरून खाली येतो.

स्कॅनरमध्ये काचेखाली एक दिवा सरकतो. कागदावरचा उजेड आत एका लांबट आरशावर पडतो आणि आरसा तो पुढं पाठवतो. आरसा हलला की अक्षर हललं. मिल सुरू असताना काढलेल्या स्कॅनमध्ये ओळी अशा लहरत यायच्या, की अर्ज 'अस्पष्ट' असा शेरा घेऊन परत. एकदा सातबारावरचा एकाचा आकडा नऊसारखा दिसायला लागला आणि दोन चुलतभाऊ दुकानातच एकमेकांच्या अंगावर धावले.

दुसरा कुणी असता तर त्यानं दुकान हलवलं असतं. भाऊजींनी स्कॅनर उघडला. आरशाखाली त्यांनी फोम लावून पाहिला, चपलेचं रबर लावलं, डिंक लावला. एकदा कणकेचा गोळासुद्धा लावला, तो उंदरानं खाल्ला. घरी ताटात भाकर येईपर्यंत भाऊजी मांडीवर आरसा घेऊन त्याच्या पाठीवर टिचक्या मारत बसायचे. बाई भाकर थापता थापता म्हणायची, "दुनियेचे लोक आरशात तोंड पायतेत, आमच्या घरी आरशाची पाठ पायतेत."

बाईची जीभ अशीच आहे. भाऊजींविषयी तिच्या तोंडून चांगला शब्द मी तरी ऐकला नव्हता. 'येडा' हा त्यातल्या त्यात मायेचा. आणि खरं सांगायचं तर मी मनातून तिच्याच बाजूचा होतो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. एकदा भाऊजी स्टाफरूममध्ये आले आणि प्राचार्यांच्या टेबलाखाली वाकून पाय चाचपायला लागले. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांची ओळख 'आमच्या गावचे एक गृहस्थ' अशी करून देत असे.

शेवटी जमलं. आरशाच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे, आणि पाठीला लाखेनं चिकटवलेली पत्र्याची एक पट्टी. सगळी मेख त्या पट्टीत. "बरोबर मधात लावली तं जमत नाई. जराशी बाजूनं पायजे," हे सांगताना भाऊजींचा आवाज आपोआप खाली जातो. मिल सुरू, समोरून मालगाडी चाललेली, आणि मशीनमधून निघालेलं अक्षर पाटीवर कोरल्यासारखं! दुकानात त्या वेळी बाई डबा घेऊन आली होती. तिनं तो कागद उचलून बघितला. डबा ठेवला आणि गेली.

त्यानंतर भाऊजींच्या डोक्यात पेटंट शिरलं. अर्ज इंग्रजीत लिहायचा, म्हणून मला धरलं. मी त्यांना समजावलं, की पेटंट म्हणजे ही कल्पना तुम्हीच पहिल्यांदा काढली असं सरकारनं मान्य करणं, आणि त्याची कडक अट अशी की अर्ज करण्याआधी ती जगात कुठंही उघड झालेली नको. ही अट भाऊजींनी इतकी मनावर घेतली की विचारू नका. कुणाच्या तेरवीच्या पंगतीत बसले तरी आरशाची गोष्ट सुरू करायचे, ट्यूबपर्यंत यायचे आणि मग ओठ मिटून घ्यायचे. "याच्यापुढं सांगता येत नाई. सरकारी काम हाये." वाढणारे भाताचं पातेलं घेऊन ताटकळत उभे. लोक त्यांना 'पेटंटभाऊ' म्हणायला लागले, आणि मी पंगतीत त्यांच्यापासून लांब बसायला लागलो.

"भाऊजी, हे मिळून करणार काय तुम्ही?" मी एकदा वैतागून विचारलं.

"कंपनीगिंपनी नाई काढत मी," ते म्हणाले. "एक डाव सरकारचं सर्टिफिकेट येऊ दे. तुझ्या बहिनीसमोर ठेवतो. मंग पायतो मले येडा कशी म्हनते."

एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

यथावकाश पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी तीन गोष्टी पुढं केल्या होत्या. दोन परदेशी पेटंटं होती. त्यांच्यातला आरसा वेगळ्या रीतीनं बसवलेला होता, त्यामुळं त्यांना उत्तर देता येण्यासारखं होतं. तिसरा एक व्हिडिओ होता. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी तो लावला, आणि पडद्यावर आमची बाई आली.

बाईच्या बचत गटाचं एक चॅनल आहे. अंबाडीची भाजी, सांडगे, लोणची असलं त्यात असतं. बघणाऱ्या जेमतेम गटातल्याच बाया. त्यातच हा व्हिडिओ होता, अर्ज जायच्या थोडाच आधी टाकलेला, आणि वर हौसेनं हिंदीत नाव दिलेलं, 'स्कॅनर का कांच हिलना बंद'. त्या अधिकाऱ्यांनी हेच शब्द शोधले असणार.

"नमस्कार बहिनींनो," बाई म्हणत होती. "आज भाजी नाई. आज आमच्या ह्यायचा आरसा." मग तिनं झाकण उघडून सगळं दाखवलं. ट्यूब दाखवली, लाख दाखवली, पट्टीवर बोट ठेवलं. "अन् हे मधात नाई लावाचं, बाजूनं लावाचं. हेच मेन हाये." झाकण लावून झाल्यावर तिनं मागं वळून बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाली, "माझा मानूस येडा नाई बरं. लय डोक्याचा हाये. मी त्याच्या तोंडावर नाई म्हनत. पन हाये."

मी कपाळावर हात मारला. "भाऊजी, संपलं! हिनंच सगळं—"

"थांब," भाऊजी म्हणाले. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. शेवट आला, तसा थोडा मागं घेतला आणि तेवढंच पुन्हा ऐकलं. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. मग ते म्हणाले, "तिले सांगजो नोको, का हे असं झालं म्हनून."

सुनावणी व्हिडिओ कॉलवर होती, दुकानातच. त्या दिवशी बाई सकाळीच येऊन मागच्या मिलच्या शेठकडं गेली. काय बोलली देव जाणे, पण शेठनं तेवढ्या वेळापुरती मिल बंद ठेवली. मग ती दाराबाहेर उभी राहून रिक्षावाल्यांना हॉर्न वाजवू देईना. नेमकी अडचण कशाची आहे हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

पडद्यावर अधिकारी मॅडम आल्या. मी नमस्कार करतो न करतो तोच भाऊजी म्हणाले, "मॅडम, आपके टेबल में थरथर है. उपर का पंखा ढीला होगा." मी मान खाली घातली. मॅडमनी मात्र खरोखरच वर पंख्याकडं बघितलं.

दोन्ही परदेशी पेटंटांवर भाऊजी झकास बोलले. मॅडम लिहून घेत होत्या. मग व्हिडिओचा विषय निघाला.

"ये महिला कौन हैं?"

"मेरी मिसेस है."

"देखिए, ये आपकी अर्जी से पहले का है. लेकिन अगर ये आपसे बिना पूछे डाला गया था और आपको पता नहीं था, तो कानून में इसकी गुंजाइश है. आप वैसा शपथपत्र दीजिए, हम विचार करेंगे. इसमें आपकी इजाजत थी?"

मी फाईल उघडली. हा नियम मी आधीच शोधून ठेवला होता. 'माझ्या पत्नीने माझ्या परवानगीशिवाय, माझ्या नकळत हे उघड केले,' असा मजकूर टाईप करून फाईलमध्ये तयार होता. मी तो भाऊजींपुढं सरकवला. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

भाऊजींनी तो वाचला. मग दाराकडं बघितलं. बाहेर बाई कुठल्यातरी रिक्षावाल्याला दटावत होती.

"इजाजत थी, मॅडम," भाऊजी म्हणाले. "मैंने ही बोला था, डाल दे."

मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला. त्यांनी तो बाजूला घेतला.

"सोच लीजिए," मॅडम म्हणाल्या. "फिर आपका आविष्कार नया नहीं माना जाएगा."

"सोच लिया, मॅडम."

कॉल बंद झाल्यावर मी भडकलो. "भाऊजी, खोटं काऊन बोलले? एका सहीचं काम होतं!"

"काय लिहून देऊ सरकारले?" ते म्हणाले. "का माझी बायको माझं चांगलं बोलली, तो गुन्हा केला म्हनून? आख्ख्या जिंदगीत एकदा बोलली रे ते."

मी फाईल मिटली. तिच्यात माझ्या सख्ख्या बहिणीविरुद्धचा कागद होता, आणि तो टाईप करताना मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. प्राचार्यांच्या टेबलाखाली वाकलेल्या या माणसाची मी ओळख लपवली होती. आता त्यांच्याकडं बघायची माझीच हिंमत होईना.

बाई आत आली. मागून शेठही आले. "काय झालं?"

"नाई भेटत," भाऊजी म्हणाले. "जपानच्या एका मानसानं पहिलेच करून ठेवलं होतं."

बाईनं मग शेठसमोर, रिक्षावाल्यांसमोर जे तोंड सोडलं! "सांगत होती ना मी? आख्ख्या गावात हसू करून घेतलं. शेठची मिल बंद करवली मी, आता त्यायले कोनतं तोंड दाखवू?" भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. शेठच शेवटी ओशाळून निघून गेले. थोड्या वेळानं मागं मिल धडधडायला लागली.

सगळे पांगल्यावर बाईनं मला कोपऱ्यात ओढलं आणि हळूच मोबाईल काढला. "यातला एक व्हिडिओ काढून टाकाचा हाये. कसा काढाचा, दाखव."

"काऊन?"

"गटातल्या बाया हासतीन ना रे ह्यायले. आरशाचाच हाये तो. ह्यायची आनखी फजिती नोको."

"राहू दे तो," भाऊजी मशीनमागून म्हणाले. "चांगला हाये."

बाईचा हात थांबला. "तुमी पायला?"

"पायला."

"आख्खा?"

"शेवटचं जास्त डाव पायलं."

शेठची मिल बंद करणारी आमची बाई. तिनं झटकन पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडं वळली. तिला असं लाजताना मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. भाऊजी मशीनच्या बंद झाकणावर उगाच फडकं फिरवत होते.

"मंग बोलले काऊन नाई?" ती पदरातूनच म्हणाली.

"तू तोंडावर म्हनली नाई," भाऊजी म्हणाले. "म्हनून मीबी नाई म्हनलो."

एक गिऱ्हाईक आधारकार्ड घेऊन पायरी चढत होतं. मी बाहेर जाऊन त्याला तिथंच थांबवलं. म्हटलं, "आमचे भाऊजी जरा कामात आहेत."