रिकाम्या खुर्चीतले दिघे काका

आमच्या नोएडाच्या ऑफिसात कुणी राजीनामा देऊन गेलं, की दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीत दिघे काका बसलेले दिसतात. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. हातात वही आणि चेहऱ्यावर पंचनाम्याला आलेल्या फौजदाराचा भाव.

काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दिल्लीतल्या द्वारकेहून रोज मेट्रोनं येऊन आमच्या ऑफिसची व्यवस्था बघू लागले. मी एचआरमध्ये. म्हणजे नवी माणसं आणणं माझं काम, आणि ती निघून गेली की तोंड पाडून बसणंही माझंच.

“माणूस का उठला, ते बसल्याशिवाय कळत नाही,” हे काकांचं ब्रह्मवाक्य. ऐन मे महिन्यात एका खुर्चीत ते कानटोपी घालून बसले. आम्ही पोट धरून हसलो. संध्याकाळी त्यांनी वहीतला शेरा दाखवला: ‘एसीचा झोत थेट टाळूवर. मुलगा गेला नाही, उडाला.’ दुसऱ्या एका जागेबद्दल लिहिलं होतं: ‘येणारा-जाणारा मागून स्क्रीनमध्ये डोकावतो. पूर्वी मीही डोकावायचो.’

तरुण मुलं टिकावीत म्हणून साहेबांनी टेबल टेनिस आणलं, बीन बॅगा आणल्या. बीन बॅगेत काका एकदाच बसले. काढायला दोघं लागले. “यार, यात माणूस टिकणारच. उठताच येत नाही,” म्हणाले.

मग अंकितानं राजीनामा टाकला. लातूरकडची मुलगी. यूपीएससीसाठी दिल्लीत आली, तीन प्रयत्न फसल्यावर आमच्याकडे लागली. कामाला वाघ. पगार वाढवतो म्हटलं, तर “नको मॅडम, गावी जाते,” एवढंच. साहेबांना प्रोजेक्टची काळजी होती. मला तिचंच वाईट वाटत होतं.

“या वेळी आधीच बसतो,” काका म्हणाले. अंकिताला दुसरीकडे बसवून त्यांनी तिच्या जागेवर दिवस काढला. संध्याकाळी शेरा एकच: ‘ड्रॉवरमध्ये शेंगदाण्याची चटणी आणि चमचा.’

“बरं, मग?” मी विचारलं.

“मग काय? पोरगी इथेच एकटी जेवते. कँटीनमध्ये सगळी चार-चार खुर्च्यांची टेबलं. चौघं बसले की पाचव्यानं जायचं कुठे?”

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळी टेबलं जोडून एक लांबलचक रांग केली. एकच्या ठोक्याला मजलाभर फिरत ओरडले, “चलो, पंगत बसली! अंकिता, चटणी घेऊन ये!” पंगत म्हणजे काय, असं विचारत दिल्लीची मुलं बसली. चटणीची बाटली दहा मिनिटांत रिकामी. पुढच्या आठवड्यात अंकितानं गावाहून चटणीचा मोठा डबा मागवला आणि मग स्वतः येऊन राजीनामा परत घेतला. मला तर रडूच आलं.

“घरीही असेच बसता का हो?” मी त्या आनंदात काकांची थट्टा केली.

काका चष्मा पुसू लागले. “बसतो ना. आमचा अमेय दोन वर्षांपूर्वी घर सोडून पुण्याला गेला. भांडण नाही, तंटा नाही. दर रविवारी त्याच्या खुर्चीत बसतो. उजेड चांगला आहे, पंखा चांगला आहे. अजून काही कळलं नाही.”

मी म्हटलं, “अहो, त्यालाच विचारा की!”

“असं डायरेक्ट विचारतात?” काका खरोखरच चकित झाले होते.

सोमवारी ते पहिल्यांदाच उशिरा आले. थेट माझ्या टेबलाशी. “विचारलं. म्हणाला, बाबा, जेवताना तुम्ही कधी बोलतच नव्हता.” आणि मग, “दिवाळीला येतोय.”

तेव्हापासून काका पंगतीलाही वही घेऊन बसतात. “अच्छा, मला एक सांगा,” मुलांना विचारतात, “जेवताना पोराशी बोलतात तरी काय?”

“काका, आधी ती वही ठेवा,” अंकिता म्हणते, आणि त्यांच्या ताटात चटणी वाढते.