नव्या पतंगाचं बारसं

मी दहावी नापास आहे आणि मेळघाटातला कोणताही पतंग नुसत्या पंखावरून ओळखतो! दिव्यावर झेपावणारं पाखरू हो, दोऱ्यावरचा कागद नव्हे. तरी अकोल्याच्या कॉलेजात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या गजेंद्र सरांनी भर सभेत मला विचारलं, "तुमची डिग्री काय?" अरे, तुम्ही जंगल जीपच्या काचेतून पाहणारे! तेव्हाच ठरवलं, या माणसाच्या टेबलावर असा पतंग ठेवीन की त्याची डिग्री खुर्चीखाली जाऊन बसेल!

आणि सापडला. धारणीच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर, सकाळी आठ वाजता! सागाच्या वाळल्या पानासारखे पंख, मागच्या पंखांना निळी कड. माझ्या बाराशे नोंदींत असा एक नाही! फोटो सरांना धाडला. पतंग टाचणीनं थर्माकोलवर बसवला, डबीत घालून अमरावतीला घरी आणला आणि जेवताना माती खाल्ली. म्हणालो, "नवी प्रजाती निघाली तर नाव मीच सुचवीन!"

बायकोनं, सत्यवतीनं, पोळी तव्यावरच सोडली. "मंग माह्या बाबाचं द्या. नत्थुजी!"

"तुह्या बाबानं जन्मभर पाखरं मारली, पाह्यली एक नाही!"

झालं! तिनं रागारागानं घरच्या ग्रुपवर सगळं टाकलं. दुसऱ्या दिवशी मोर्शीहून पहिल्या बसनं माझी थोरली बहीण पार्बताबाई दारात. सोबत झबलं-टोपडं नव्हतं एवढंच!

"काहून रे उद्धव, घरात बारसं अन् आत्याले निरोप नाही? नाव आत्याच ठेवते!"

"अवं बाई, लेकरू नोहे ते, किडा हाय!"

"तू कोणता मोठा हत्ती होता? तुह्यंबी आत्यानंच ठेवलं!"

सत्यवतीनं पदर खोचला. "बाई, पाखरू माह्या घरात हाय!"

"भाऊ माहा हाय!"

"चूप!" मी गरजलो. "हे शास्त्र आहे! इथं सासरा-आत्या चालत नाही!"

सत्यवतीनं डबी उचलली. झाकणावरची माझी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "उद्धवी."

मी भिंतीकडे पाहू लागलो.

"वा रे वा!" पार्बताबाई कडाडली. "सोताचं बारसं सोताच करून राहिला!"

"अन् माह्या बाबाचं नाव यांले टोचते!"

बारा वर्षं ज्यांचं पटलं नाही, त्या दोघी एका क्षणात सख्ख्या मैत्रिणी! डबी या हातातून त्या हातात. मी झडप घातली. डबी खाली पडली, झाकण उडालं, टाचणी पतंगासकट सुटली, आणि वर मीच नाचलो, अनवाणी!

मी बोंबललो आणि फोन वाजला. गजेंद्र सर!

"उद्धवभाऊ, माफ करा, मी चुकलो होतो. हा पतंग नवाच दिसतो! पण फोटोवरून नाव देता येत नाही. पोटाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. नमुना सांभाळला ना?"

इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते हे! मी पाय वर करून पाहिला. टाचेत टाचणी, टाचणीवर पतंगाचा चुरा, निळी कड तेवढी शाबूत.

"सांभाळलाय सर," मी दात आवळून म्हणालो, "पण अकोल्याला लंगडी घालत यावं लागेल!"