कडू पावडरची परीक्षा

गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या तान्ह्या बाळाला पर्यायी पावडर कोणती द्यावी, हा निर्णय संपूर्णपणे शास्त्रीय असतो. रुग्णालयाच्या खरेदी समितीने तो चमच्याने चाखून घेतला.

बाळाची आई भांडाराबाहेरच्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. घरातला डबा तळाला गेला होता. साधी पावडर पाजली की बाळाच्या अंगावर गांध्या उठत, शौचातून रक्त जाई. बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली पावडर वेगळी होती. तिच्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असत, की बाळाच्या शरीराला त्यांची ओळखच पटू नये. ती समोरच्या कपाटात होती, पण कुलूप समितीचं होतं.

समितीत खरेदी अधिकारी, हिशेबनीस आणि लिफ्टचे अभियंता होते. बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम वगळलं होतं, कारण त्यांचं या विषयावर आधीपासूनच मत होतं.

खरेदी अधिकारी रुमालाने जीभ पुसत दारात आले. "ताई, तुमची पावडर नापास. कडूजहर! वर ओल्या पुठ्ठ्याचा वास. अभियंता साहेब अजून चुळा भरतायत."

"मग पास कुठली झाली?"

"पिवळ्या डब्यातली. एकमताने! काय चव आहे हो! हिशेबनिसांनी दोनदा मागून घेतली."

"पण ती कशाची आहे?"

"गाईच्या दुधाची. अस्सल."

"अहो, याला गाईचं दूधच तर चालत नाही!"

"म्हणजे चवीबद्दल तक्रार नाही ना?" अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले.

आईने पिशवीतून त्याच कडू पावडरची, घरून भरून आणलेली बाटली काढली, सरळ आत जाऊन समितीसमोर बाळाच्या तोंडाला लावली. बाळाने ती गटागटा रिकामी केली आणि संपली म्हणून भोकाड पसरलं.

अभियंत्यांनी बाळाच्या तोंडात डोकावून पाहिलं.

"याची जीभच बाद आहे," अभियंता म्हणाले.

"अरेरे, एवढ्याशा जिवाला!" हिशेबनिसांचे डोळे पाणावले. "ताई, हे असं कधीपासून?"

"जन्मापासूनच, साहेब," आई मान खाली घालून म्हणाली.

चवीचं ज्ञान नसल्याने विशेष बाब म्हणून डबे मंजूर झाले. कुलूप उघडलं.

घरी सासूबाईंनी डबा फोडला आणि आधी चिमूटभर पावडर जिभेवर टाकली. "अगं बाई! हे पाजतेस लेकराला? थोडं दूध तरी मिसळ, चव येईल." मग नवऱ्याने चाखली, तोंड वाकडं केलं आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना हाक मारली. आईने डबा उचलून फळीवर उंच ठेवला.

एवढं वाचल्यावर ती पावडर नेमकी लागते तरी कशी, हे एकदा बघावं असं तुम्हालाही वाटलंच असेल. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं : फक्त तान्ह्या बाळांसाठी.