इंजिनाला डोकं बसवलं

फ्लाइंग क्लबातल्या मेकॅनिकनं रविवारी सकाळी चहाचा कप खाली आपटला. "बास! आता मीच करतो."

"काय, भांडी?" बायकोच्या आवाजात आशा होती.

"इंजिनाची सुधारणा!"

त्याचंही खोटं नव्हतं. छोट्या विमानाचं इंजिन त्याच्या वडिलांच्या लग्नात जसं होतं तसंच आजही होतं. (वडील तरी बदलले, टक्कल पडलं.) मोटारीला पेट्रोल किती, ठिणगी केव्हा, सगळं आपोआप कळतं. विमानात मात्र उंचावर गेलं की पेट्रोल कमी करायला वैमानिकानं हातानं दांडा ओढायचा! नवीन काही बसवावं, तर मंजुरीचे कागद इंजिनाहून जड.

"आणि परवानगी?"

"आधी करून दाखवतो. मग देतील झक मारत."

बायको बाजारात गेली. यानं क्लबच्या भंगारातून आणलेलं इंजिन पंख्यासकट परसात लाकडी घोडीवर आवळलं. ठिणगीच्या वेळा सांभाळायला इलेक्ट्रॉनिक डोकं हवं होतं. घरात तसं एकच होतं (त्याचं धरलं नाही): वॉशिंग मशीनमधलं. ते त्यानं उपसून इंजिनाला जोडलं.

इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू! त्यानं टुणकन उडी मारली. दोन मिनिटं पंखा संथ फिरला आणि थांबला.

"बिघडलं का हो, जावईबापू?" राहायला आलेल्या सासूबाईंनी खिडकीतून विचारलं.

"छे! विचार करतंय."

पंखा पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. सासूबाई बारकाईनं बघत होत्या. "विचार कसला? खळबळून काढतंय ते!"

खळबळणं झालं, म्हणजे आता पिळणं! तो बटणाकडे झेपावला, पण इंजिनानं आधीच डरकाळी फोडली होती. दोरीवरच्या चादरी भिंतीपलीकडे उडाल्या. घोडी थयथयाट करत भिंतीला जाऊन भिडली. मग इंजिन थांबलं, धुणं झाल्यासारखं तीनदा 'टिंग' वाजलं, आणि ते डोकं धूर सोडून कायमचं गार झालं.

बायको परतली. तिनं परस पाहिलं, उघडं मशीन पाहिलं आणि त्याच्या हातात बादली दिली.

"अगं, चूक फक्त कार्यक्रम निवडण्यात झाली. पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी मिक्सरला हात लावून बघाच!"

पण गडी हटला नाही. रोज दोन बादल्या धुणं आपटायचं आणि मग वही घेऊन आकृत्या काढायच्या. महिन्याभरानं शेजाऱ्यानं भिंतीवरून विचारलं, "काय वहिनी, यांची काही प्रगती?"

"आहे तर!" बायको म्हणाली. "आता कॉलरसुद्धा स्वच्छ निघतात."